पार्से ते गिरगाव

बेळगावहून गोव्याला जाणारी माणसे साधारणपणे दोन प्रकारची. एक समुद्राला जाणारी आणि दुसरी मंगेशी-शांतादुर्गेला जाणारी. पेडणे तालुक्यातल्या पार्से गावी जायचे आहे असे मी घरी सांगितले तेव्हा ह्यांनी विचारले, "तिथे काय आहे?" मी म्हटले, "माझी विद्यार्थिनी आहे."

ती आमच्याच वडगावची मुलगी. घरात आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. बी.ए.ला माझ्या वर्गात होती. लग्न होऊन पार्शाला गेली त्याला आता सोळा-सतरा वर्षे होत आली. दर दिवाळीला तिचा फोन यायचा, "मॅडम, एकदा तरी या. इथली दिवाळी बघा. फराळाच्या ताटात चकली-कडबोळी नसतात, नुसते पोहे असतात." शेवटी २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेले.

चोर्ला घाटातला रस्ता पावसाने जेवढा खराब व्हायचा तेवढा झालेला होता. साखळी, डिचोली, म्हापसा करीत शिवोलीच्या पुलावर आले. हा पूल व्हायच्या आधी इथे फेरीबोट असे. पूल ओलांडला की चोपडे, मग आगरवाडा आणि मग पार्से. किनाऱ्यावरच्या गावांतली हॉटेले आणि भाड्याच्या स्कूटर मागे पडतात आणि एकदम खरेखुरे गाव लागते. माडांखाली कापणीला आलेले भात, चिऱ्याच्या कुंपणावर वाळत घातलेली चादर, दारापुढे तुळस. श्री भगवतीचे देऊळ हा गावाचा मध्य. कुणालाही पत्ता विचारा, तो देवळापासून सांगायला सुरुवात करतो. इथून मोपाचा विमानतळ फार लांब नाही. जानेवारी २०२३ मध्ये तो सुरू झाला आणि साऱ्या पेडणे तालुक्याच्या जमिनींना भाव आला. विद्यार्थिनीचे यजमान म्हणाले, "पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. आता तासाभरात पोचतो. पण पूर्वी प्रत्येक घरातून कोणीतरी मुंबईला जायचंच, आता तसं कोण जातो?"

खरे सांगायचे तर मी गेले होते पोहे खायला आणि गाव बघायला. दूधपोहे, ताकातले पोहे, गूळ-खोबऱ्याचे पोहे, बटाट्याचे पोहे आणि शेजारून आलेले आणखी दोन प्रकार. आदल्या रात्री मुलांनी केलेला नरकासुर पहाटे जळून गेला होता, त्याची राख रस्त्याच्या कडेला होती. पण घरात शिरल्या शिरल्या लक्षात आले की सणाचे घर असूनही कुठेतरी काहीतरी अडले आहे. विद्यार्थिनीचे थोरले दीर पेपरामागे तोंड करून बसले होते. आणि सोप्यावर नव्वदीच्या घरातल्या एक बाई, पांढरे शुभ्र पातळ नेसलेल्या, मला न्याहाळत होत्या.

"खंयसून गो इलीस?"

"बेळगावहून."

"म्हणजे मास्तरीण. मी पण मास्तरीणच होते, गिरगावात. म्युनिसिपालिटीच्या शाळेत." आणि पुढचे सारे बोलणे अस्सल गिरगावी मराठीत. यांना घरात सगळे आत्याआजी म्हणतात. विद्यार्थिनीच्या दिवंगत सासऱ्यांची ही थोरली बहीण. लग्न केले नाही. १९९४ साली निवृत्त होऊन पार्शाला परत आल्या.

अडलेली गोष्ट दुपारी कळली. विद्यार्थिनीचा मुलगा नववीत आहे. सुट्टीत करायचा प्रकल्प म्हणून शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितले होते, निदान चार पिढ्यांचा. पोराने मोठा पांढरा कागद आणला, खालून वर जायला सुरुवात केली. स्वतः, वडील, आजोबा. आणि आजोबांच्या वर कोण? आत्याआजींनी एका बाईचे नाव सांगितले. स्वतःच्या आईचे. आणि नवऱ्याच्या जागी? तिथे थोरल्या काकांनी कागद बाजूला ठेवायला लावला. "शाळेत नेऊन लावायचाय तो भिंतीवर. काहीतरी एक नाव घाल आणि मोकळा हो." आत्याआजी म्हणाल्या, "काहीतरी एक नाव कशाला? माझ्या आईनं काय चोरी केली होती?"

आता मुंबईची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय या घरातले भांडण कळणार नाही.

गोव्याची माणसे शंभर-दीडशे वर्षे मुंबईला जात राहिली. पेडणे तालुका १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. राज्य बदलले तरी गावात पोटापाण्याची सोय काही वाढली नाही. मुंबई इंग्रजांची, तिथे गिरण्या, गोदी, घरकाम, शाळा, नाटक कंपन्या. वेंगुर्ल्याहून नाहीतर पणजीहून आगबोटीत बसायचे आणि मुंबईला उतरायचे. आणि उतरल्यावर जायचे कुठे? जायचे आपल्या गावच्या माणसांकडे. इथेच संस्था सुरू होतात. आपल्याकडे संस्था म्हटले की अध्यक्ष, सचिव, वार्षिक अहवाल आणि हार-तुरे डोळ्यांपुढे येतात. पण त्यांच्या मुळाशी हाच एक प्रश्न असतो, रात्री पाठ कुठे टेकायची.

ख्रिस्ती गोवेकरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे 'कूड'. कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव या बाजूला एकेका गावाच्या नावाने असे क्लब उभे राहिले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत तर मजल्या-मजल्यांवर गावेच्या गावे वसली. गावचा माणूस असलास की जागा मिळणार. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी, रात्री जमिनीवर वळकटी, आणि खोलीच्या एका टोकाला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी ठरल्या वेळी रोझरी म्हणायची, त्यातून सुटका नाही. जहाजावर नोकरी करणारे खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत इथे राहत. धर्मशाळा, देऊळ, पतपेढी आणि पोस्ट, सगळे एका खोलीत! यातल्या काही कुडी आजही चालू आहेत.

हिंदू गोवेकरांत १९१९ साली 'दि गोवा हिंदु असोसिएशन' निघाली. मराठी वाचकाला ती माहीत आहे ती नाटकांमुळे. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' आणि १९७० साली 'नटसम्राट'. हे सगळे एका ज्ञातिबांधवांच्या म्हणा, गाववाल्यांच्या म्हणा, सेवाभावी संस्थेने रंगभूमीवर आणले हे अनेकांच्या लक्षात नसते. याच संस्थेने फोंड्याजवळ बांदोड्याला 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम उभा केला. नटसम्राट म्हाताऱ्या माणसाला घर मागत रंगमंचावर हिंडला आणि त्याला उभे करणाऱ्या संस्थेने गोव्यात म्हाताऱ्यांसाठी घर बांधले. हा योगायोग मला फार आवडतो.

पण आत्याआजींची संस्था वेगळी. 'गोमंतक मराठा समाज', मुंबई, स्थापना १९२९.

गोव्यात आणि सावंतवाडीच्या पट्ट्यात देवळांच्या सेवेला काही घराणी बांधलेली असत. कुणी गाणारी कलावंतीण, कुणी दिवाबत्ती आणि झाडलोट करणारी भावीण, त्यांच्यातले पुरुष देवळी. मुलीचा 'शेंस' विधी होई. लग्नासारखेच सगळे, फक्त नवरा म्हणून देवाची कट्यार नाहीतर नारळ. काही गावांत देवापुढच्या दिव्यातले तेल तिच्या डोक्यावर घातले की झाले. मग ती देवाची, म्हणजे व्यवहारात गावातल्या कुणातरी पैसेवाल्याची. तिची मुले तिच्याच नावावर. बाप रोज देवळात दर्शनाला यायचा, पण कागदावर यायचा नाही.

या घरांतल्या कितीतरी बायका गाणे घेऊन मुंबईला गेल्या. आडनावे गावांचीच. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, आणि आमच्या या पेडण्यातल्या मालपें गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे अंजनीबाई, साल १९५८. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतल्या सोन्याच्या तबकडीवर गेली. आज ती सूर्यमालेच्या टोकाकडे कुठेतरी चालली आहे. जिच्या गावात तिला पंक्तीत बसायची जागा नव्हती, तिचा आवाज पृथ्वीच्या वतीने निघाला. असो. ही नावे सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्यामागे ज्या शेकडो बायका नुसत्या चाळीत राहिल्या, शिवण शिवले, मुलांना शाळेत घातले, त्यांची नावे कुठे आहेत? ती समाजाच्या दप्तरात आहेत.

गोव्यात राजाराम पैंगीणकरांनी १९१० च्या सुमारास या लोकांची संघटना बांधायला सुरुवात केली होती. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले, ते १९६९ साली निघाले, त्याचे नाव 'मी कोण?'. तीन अक्षरांत या साऱ्या चळवळीचा प्रश्न आला आहे. मुंबईत समाज स्थापन झाला तेव्हा कलावंत, भावीण, देवळी अशी सगळी लहान लहान नावे पुसून एकच नाव घ्यायचे ठरले. 'समाज सुधारक' नावाचे मासिक निघाले. शेंस बंद करा, मुलींची लग्ने लावा, मुलामुलींना शिकवा, ही त्रिसूत्री. कुणा दयाळू गृहस्थाने, कुणा मिशनने, कुणा सरकारने ही संस्था काढून दिलेली नाही. ज्यांना नाव नव्हते त्यांनीच आपसात वर्गणी काढून आपले नाव ठेवले.

"वर्गणी म्हणजे किती?" मी विचारले.

"आई चार आणे द्यायची. पण ती रक्कम मासिकात छापून यायची. आईला वाचता यायचं नाही. अंक आला की मला नाव शोधायला लावायची आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसायची. छापलेलं नाव, आधी श्रीमती. तिला आयुष्यात श्रीमती दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं."

आत्याआजींची आई मावशीबरोबर लहानपणीच पार्शाहून मुंबईला गेली. वेंगुर्ल्याहून आगबोटीने. मावशी गाणारी, आई तिची पोरकी भाची. तिचा शेंस व्हायच्या आत मावशीने तिला उचलून नेले, असे आत्याआजी सांगतात. पण गिरगावात गेल्याने एकदम सगळे बदलले असे झाले नाही. एका शेटजींच्या आश्रयाने आईचे आयुष्य गेले, दोन मुले झाली. शेटजी चांगले होते, असे त्यांनी दोनदा सांगितले. मग थांबून म्हणाल्या, "चांगले म्हणजे, मारत नसत."

१९४२ साली आत्याआजींना शाळेत घालायचे होते. आई हात धरून घेऊन गेली. शाळेतल्या गृहस्थांनी वडिलांचे नाव विचारले. आई गप्प. त्यांनी पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. बाकीचे पालक बघायला लागले. आई मुलीला घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी समाजातले एक कार्यकर्ते काळी टोपी घालून बरोबर आले आणि म्हणाले, आईचे नाव लिहा, लिहायला हरकत असेल तर तसे लेखी द्या. लेखी कोण देतो? नाव लिहिले गेले.

हे ऐकताना माझ्या हातातली चहाची कपबशी मी खाली ठेवली. कारण माझे मलाच काही आठवले, आणि ते इथे सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्याकडे प्रवेशाची गर्दी होती आणि मी टेबलावर बसून अर्ज तपासत होते. सौंदत्तीकडच्या एका खेड्यातली मुलगी आली. बारावीला गुण उत्तम. अर्जात वडिलांचा रकाना रिकामा. मी कन्नडमध्ये विचारले, "तंदे हेसरू?" ती गप्प. मला वाटले, ऐकू गेले नाही. म्हणून मोठ्याने विचारले. रांगेत मागे वीस-पंचवीस जण उभे होते. तिने अर्ज माझ्या हातातून हळूच काढून घेतला, "नाळे बर्तेनी मॅडम" म्हणाली, आणि गेली. ती उद्या काही आली नाही. परवाही आली नाही. आठवड्याने माझ्या डोक्यात उजेड पडला. तोपर्यंत यादी लागली होती.

आपल्या भागातल्या वाचकाला यल्लम्मा सांगायला नको. भरत हुण्णिमेला डोंगर भंडाऱ्याने पिवळा होतो, आपण सगळेच जातो, उदो उदो म्हणतो. 'मुत्तू कट्टुवुदू' म्हणजे काय तेही आपल्याला माहीत असते आणि ते आपण बोलत नाही. १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा बेळगाव जिल्ह्यालाही लागू होता, कारण आपण तेव्हा मुंबई इलाख्यात. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, बाबा आढावांसारखी माणसे त्यामागे होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतःचा कायदा केला. तरी मुली सोडल्या जात राहिल्या. मग १९९७ पासून घटप्रभेला 'मास' ही संस्था उभी राहिली, आणि ती चालवणाऱ्या स्वतः पूर्वीच्या देवदासी. सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांना वयाच्या सातव्या वर्षी देवीला सोडले होते. २०२५ साली कर्नाटक विधिमंडळाने नवे विधेयक मंजूर केले. कागदपत्रांत वडिलांच्या नावाची सक्ती नसावी, हा त्यातला एक महत्त्वाचा भाग. महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव लागते. म्हणजे काळी टोपीवाल्या त्या कार्यकर्त्याने १९४२ मध्ये गिरगावातल्या एका टेबलावर जे मागितले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला ऐंशीच्या वर वर्षे लागली.

गिरगावची गोष्ट आणि सौंदत्तीची गोष्ट एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. गोव्याच्या घराण्यांपाशी गाणे होते, काहींपाशी पैसा होता, मुंबईत ओळखी होत्या. यल्लम्माला सोडलेल्या मुली दलित घरांतल्या, हातावर पोट असलेल्या. त्यांना मुंबईने जे दिले ते गिरगाव नव्हते, त्यापुढच्या गल्ल्या होत्या. गोमंतक मराठा समाजातून डॉक्टर, प्राध्यापक, वकील निघाले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजातले, आणि जन्माने पेडण्याचे. १९६३ मध्ये ते सत्तेवर आले आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. सौंदत्तीच्या मुलींना असे कोणी मिळायचे आहे.

समाजाने सगळे चांगलेच केले का? हा प्रश्न मी भीतभीत विचारला. आत्याआजी हसल्या.

"माझा आवाज चांगला होता. मावशीआजीचा तंबोरा घरात होता. पण आईनं मला गाणं शिकू दिलं नाही. समाजाच्या बैठकीत भाषणं व्हायची, मुलींना शिकवा, शिक्षिका करा, नर्स करा. आईनं ते इतकं मनावर घेतलं की घरात पेटीसुद्धा वाजू द्यायची नाही. म्हणायची, आवाज ऐकून कोणी जिना चढून यायला नको. मी मास्तरीण झाले, तंबोरा माळ्यावर गेला. पुढे त्याचा भोपळा फुटला. मोगूबाईंनी गाणं सोडलं नाही, त्यांच्यात धमक होती. आमच्यात नव्हती."

ही किंमत फक्त त्यांच्याच घराने मोजली असेल असे वाटत नाही. नवे नाव घेतले की जुन्या नावाबरोबर आणखीही काही जाते. समाजाच्या कागदपत्रांवर अंजली अरोंदेकर यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे, २०२३ मध्ये निघाले. अशा लोकांचा इतिहास हरवला, पुसला गेला, असे आपण हळहळत म्हणतो. त्या सांगतात की इथे उलट आहे, कागद भरपूर आहेत, जपलेले आहेत. मला हे वाचून बरे वाटले, आणि थोडी शरमही वाटली. हळहळणाऱ्यांत मीही होते.

१९५५ नंतर गोव्याची सीमा बंद झाली तेव्हा गिरगाव आणि पार्से यांच्यात माणसांची आणि पैशांची ये-जा अडली. गावात धाकटी मावशी होती, तिला मनिऑर्डर पोचेना. आत्याआजी सांगतात, सावंतवाडीकडून कुणी ओळखीचे जाणारे मिळाले तर पोलक्याच्या अस्तरात नोटा शिवून पाठवायच्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला आणि पुढच्या मे महिन्यात त्या आईला घेऊन पार्शाला आल्या. पस्तीस वर्षांपेक्षा जास्त काळाने आई गावात पाऊल टाकत होती. देवळाच्या पायरीशी आली आणि आत जाईना. झाडू कुठे आहे, असे तिने विचारले. लहानपणी बघितलेले, आपल्या घरातल्या बाईने देवळात जायचे ते हातात झाडू घेऊन. आत्याआजींनी तिच्या हाताला धरून आत नेले, ओटी भरायला लावली आणि पावती फाडायला लावली. पावतीवर नाव घातले श्रीमती अमुक, मुंबई. ती पावती अजून त्यांच्या पेटीत आहे, मासिकाच्या जुन्या अंकांत ठेवलेली. मला दाखवली. कागद पिवळा पडून घडीवर फाटला आहे, शाई मात्र दिसते.

संध्याकाळी मी आणि विद्यार्थिनी देवळाकडे गेलो. कातरवेळ, माडांच्या मागे आकाश तांबूस. दोन म्हातारे पायरीवर बसून मोपाला जमीन गेली त्याचा मोबदला या विषयावर वाद घालीत होते. मी नमस्कार केला. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी जीन्स घालून हात जोडून उभी होती, तिला यातले काही ठाऊक असेल का, आणि ठाऊक असायला हवे का, असा विचार आला. थोरल्या दिरांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नव्हते. वाटेत विद्यार्थिनी म्हणालीही, "मॅडम, मोठे भावजी वाईट नाहीत हो. त्यांच्या मुलीचं लग्न ठरायचंय. सोयरीक करताना लोक अजून खोदून विचारतात. आपल्या बेळगावात विचारत नाहीत का?" मी काय बोलणार? विचारतात. मराठीत विचारतात आणि कन्नडमध्येही.

आम्ही परत आलो तेव्हा सोप्यावर ट्यूब लावून पोरगा कागद पुढे घेऊन बसला होता. थोरले काका दारात उभे, बोलत नव्हते, पण आतही गेले नव्हते. आत्याआजींनी चष्मा लावला होता. पोराने सगळ्यात वर आपल्या पणजीचे नाव लिहिले, गोव्यात छापील पाट्यांवर लिहितात तशा वळणदार अक्षरात. आत्याआजी म्हणाल्या, "आधी श्रीमती लिही." त्याने बारीक अक्षरात श्रीमती लिहिले. मग त्या नावाच्या शेजारी त्याने पट्टीने एक आडवी रेघ ओढली, जशी बाकी सगळ्या जोडप्यांमध्ये ओढली होती, आणि रेघेच्या टोकाला चौकोन काढला. पेन्सिल तशीच धरून त्याने वर बघितले.

"आत्याआजी, हय काय बरंवचां?"

त्यांनी खोडरबर उचलून त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "थंय काय लिव नको. ती रेघ पुसून टाक."

त्याने रेघ पुसली. काकांनी दारातूनच विचारले, "शाळेत विचारलं तर?"

"मी मास्तरीण होते रे," त्या म्हणाल्या. "विचारलं तर मला बोलवा. मी येते बरोबर."